भावासकट सर्व्हिस

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नवाबला आत बाकावर बसवून ठेवलं आणि त्याच्या थोरल्या भावाला, नूर मोहम्मदला, व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की याची डावी बाजू क्षयाने पोखरली आहे. नागपूरला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. इंजेक्शनं महाग आहेत, आणि वर्षभर तरी याने कामाला हात लावता कामा नये.

“वर्षभर?” नूर मोहम्मद म्हणाला. “साहेब, तो हप्ताभर नसला तं आमच्या गाड्या उभ्या राह्यतात.”

“मग राहू द्या उभ्या,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

दोघे भाऊ कोटाच्या जटपुरा दरवाजापर्यंत चालत आले. तिथे नवाब थांबला, भिंतीला हात टेकून त्याने दम घेतला आणि म्हणाला, “मले मालूम होतं, भाईजान. उन्हाळ्यापासून मालूम होतं.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“बोलून काय केलं असतं? पाना कोनाच्या हातात देला असता?”

नूर मोहम्मदने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघे पुढे निघाले.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून नूर मोहम्मदने तीन जुने ट्रक उचलले होते. त्यांच्यावर सागवानाचे सांगाडे चढवले, बाकं ठोकली आणि काचेच्या वरच्या फळीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, ‘नूर मोहम्मद अँड ब्रदर मोटर सर्व्हिस’. चांद्याहून मूल, मूलहून गडचिरोली, आणि पावसाळा सरला की पार आलापल्लीपर्यंत. काही वर्षांनी त्यातला एक ट्रक परसात कायमचा उभा राहिला, आणि त्याचे भाग काढून काढून बाकीचे दोन चालत राहिले. चालत राहिले ते नवाबमुळे. एका कंपनीच्या इंजिनावर दुसऱ्या कंपनीचा पंप, वायरी तिसऱ्याच कुणाच्या, आणि जे बाजारात मिळायचंच नाही ते नवाबने कानशीने घासून घरीच केलेलं. एक गाडी नूर मोहम्मद चालवायचा, दुसरी त्याच्या बायकोचा, सुलतानाचा, भाऊ. सुलताना आणि नवाबची बायको रशिदा बाकांच्या गाद्यांत सावरीचा कापूस भरायच्या, फाटलेले पडदे शिवायच्या, गाडीवरच्या माणसांचे डबे करायच्या. पगार घेणारा एकटा लटारू, सावलीकडचा कंडक्टर. बाकी सगळे घरचे होते, आणि घरच्यांचा पगार काढायचं कधी कुणाला सुचलंही नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर नूर मोहम्मदने पहिल्यांदा नागपूरहून एक मिस्त्री बोलावून पाहिला. मिस्त्री चांगला जाणता होता. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ नुसता बघत राहिला, मग हात पुसत म्हणाला, “सेठ, ये गाडी जिसने बनाई है उसी को मालूम.” त्याच संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

मग विकणं उरलं. त्याच साली, १९५६च्या नोव्हेंबरात, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आता इकडेही सरकारी मोटारी येणार, खाजगीवाल्यांची परमिटं जाणार, असं बाजारात रोज कुणीतरी बोलायचं. ज्याच्याकडे मोटर होती तो गिऱ्हाईक शोधत होता. नूर मोहम्मदच्या घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती, आणि ती वेळेत विकली तरच नवाब नागपूरला जाणार होता.

गिऱ्हाईक मिळालं मूलचं. गुणवंतराव हे भाताच्या गिरणीचे मालक. बोलायला सावकाश, पण नजर सगळीकडे. सरकार यायला अजून पुष्कळ वर्षं लागतील आणि तोवर मोटर धंदा कमावून देईल, असा त्यांचा हिशोब होता. ते चांद्याला आले, दोन्ही गाड्यांभोवती फिरले, खाली वाकून पाहिलं, परसातला तिसरा सापळाही पाहिला. मग ओसरीवर बसून चहा घेताना म्हणाले, “नूरभाऊ, खरं सांगू? नुसत्या गाड्या पाहून मी या भानगडीत पडलो नसतो. हे लोखंड आहे.”

“मंग कायले घेता?”

“त्या रस्त्यावर तुमची मोटर कधी चुकत नाई म्हनून. माह्या गिरनीतले मजूर म्हनतात, नूरभाईची मोटर येईनच. ते कोनामुळं? तुमच्या भावामुळं.” गुणवंतराव हसले. “मी गाड्या नाई, तुमचा भाऊ घेऊन राह्यलो. गाड्या त्याच्यासंगं येऊन राह्यल्या.”

नूर मोहम्मदही हसला. आतल्या खोलीत नवाब खोकल्याची उबळ आली म्हणून उशीत तोंड दाबून पडला होता आणि रशिदा त्याची पाठ धरून बसली होती.

गुणवंतराव गेल्यावर सुलताना म्हणाली, “त्याइले सांगून टाका. नंतर समजलं तं काय तोंड दाखवाल?”

“सांगितलं तं तो घेईल काय?” नूर मोहम्मद म्हणाला.

“नाई घेनार,” नवाब आतून म्हणाला. तो दाराशी आला. गेल्या महिन्याभरात त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. “भाभी, मी धड आहो तं सर्व्हिसला किंमत आहे. मी बीमार आहो तं ते लोखंड आहे, आताच तो बोलून गेला. अन् सर्व्हिस विकली नाई तं मी असाही मरतो. एक डाव त्याच्यासंगं गाडीवर जातो. त्याले दाखवतो. पैसा हाती आला का नागपूरले जातो.”

रशिदाने नवाबच्या मागून हात घालून दार लोटून घेतलं.

गुणवंतरावांनी संपूर्ण रस्ता गाडीत बसून पाहायचं ठरवलं होतं, आलापल्लीपर्यंत, नवाबसकट. त्या दिवशी सकाळी रशिदाने नवाबच्या खिशात पानाची पुडी ठेवली. नवाब पान खात नसे. आता त्याने घराबाहेर पडण्याआधी पहिलं पान तोंडात घातलं, म्हणजे थुंकी लाल पडली तरी कुणी दुसऱ्यांदा पाहणार नव्हतं. ही युक्ती त्याचीच. पण रशिदाने एकाच पानाला दोनदा चुना लावला, हे सुलतानाने पाहिलं.

गुणवंतराव मूलला गाडीत चढले आणि पुढे, नूर मोहम्मद आणि नवाबच्या मधोमध बसले. थंडी होती, धान कापून झालेलं होतं, भातशेताच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. वैनगंगेच्या पात्रात रेतीवर बांबूचे तट्टे टाकून रस्ता केला होता. सगळे उतारू खाली उतरले, आणि नवाबने पुढे चालत, हाताने खुणा करत गाडी पलीकडे काढली. पलीकडे जाऊन तो दगडावर बसला. गुणवंतराव मागून येईपर्यंत त्याने पान थुंकून नवं तोंडात घातलं होतं.

“रेतीत चालून दम लागला काय?” गुणवंतरावांनी विचारलं.

“रात्री झोप नाई झाली,” नवाब म्हणाला.

चामोर्शी सोडल्यावर जंगल लागलं. आष्टीच्या अलीकडे एका नाल्यातून वर चढताना मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीचे पाटे तुटले होते. लटारूने उतारूंना उतरवलं. त्यात बाजाराला निघालेल्या बाया होत्या, जंगल खात्याचा एक गार्ड होता, कोंबड्यांची टोपली घेतलेला एक म्हातारा होता. गार्ड म्हणाला, “आता इथीच मुक्काम.”

नवाबने कोट काढून बाकावर ठेवला. जॅक लावला, गाडीखाली गेला. नाल्याकाठची माती ओलसर आणि गार होती. तिच्यावर तो पाठ टेकून पडला. लटारूकडून त्याने कुऱ्हाडीने धावड्याचं एक लाकूड तोडवून घेतलं, त्याचा ठोकळा आतून तासून बसवला, साखळीने आवळला. नूर मोहम्मद बाजूला उभा राहून हत्यारं देत होता. गाडीखालून नवाबचा आवाज येत होता, “बारका पाना. नाई, तो नाई. साखळी ओढ.” मधून मधून आवाज बंद पडायचा. त्या वेळी गाडीखालून दाबलेला, घशात अडकलेला खोकला ऐकू यायचा आणि नूर मोहम्मद मोठ्याने लटारूला काहीतरी सांगायला लागायचा.

एकदा नवाबने नुसता हात बाहेर काढला. हातातली चिंधी रक्ताने भरली होती. लटारूने ती पाहिली, घेतली आणि चिखलात पायाने दाबून टाकली. नूर मोहम्मदकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

गाडी उठली. नवाब बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते. बायांनी गाडीत चढताना त्याला दुवा दिला. गुणवंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नूर मोहम्मदकडे वळून म्हणाले, “मी बोललो होतो त्याच्यावर अजून देतो. कागद करा.”

आलापल्लीला डेपोपाशी गाडी लागली. सागाच्या ओंडक्यांच्या राशींमधून गुणवंतराव ओळखीच्या रेंजरला भेटायला गेले आणि नवाब मागच्या बाकावर आडवा झाला. लटारू नूर मोहम्मदजवळ आला.

“भाऊ, हे बराबर नाई.”

“तुले काय करायचं आहे?”

“मले काई नाई करायचं. तो मरून जाईल, तेवढं सांगून राह्यलो.” लटारू थोडा थांबला. “मले शिकवा म्हनून किती डाव बोललो मी. आज मी खाली गेलो असतो.”

हे खरं होतं. लटारूने दोन-तीनदा विचारलं होतं आणि दर वेळी दोघा भावांनी हसून टाळलं होतं. नवाब म्हणायचा, घरचं काम घरातच राहू दे, शिकून उद्या दुसऱ्याच्या मोटरवर जाईल. नूर मोहम्मदलाही ते पटलेलं होतं. तो गाडीत जाऊन बसला.

कागद चांद्यालाच करायचा होता. गुणवंतराव वकिलाला आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी आले. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. नवाब दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसला होता. आतल्या दाराच्या पडद्यामागे सुलताना आणि रशिदा उभ्या होत्या. वकिलांनी कागद वाचून दाखवला. थोडी रक्कम आज. बाकीची तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने, आणि ती तोवरच जोवर नवाब स्वतः गुणवंतरावांच्या गाड्यांचं काम करेल. त्याने मूलला गिरणीमागच्या खोलीत राहायचं. तो काम सोडून गेला तर पुढची रक्कम बंद.

नूर मोहम्मदने विचारलं, “ही अट कायले?”

“नूरभाऊ, मी आधीच सांगितलं का मी काय घेऊन राह्यलो ते,” गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. “उद्या तुमी पैसे घेऊन दुसऱ्या गाड्या टाकल्या अन् भाऊ घेऊन गेले, तं माह्यापाशी काय राह्यलं? परक्याचा धंदा असता तं नौकर तिथीच राह्यतात. घरच्या धंद्यात मानूस धंदाच उचलून घरी नेते. मले अट टाकाच लागते.”

आजची रक्कम नागपूरच्या दोन महिन्यांनाही पुरली नसती. आणि पुढची मिळवायची तर नवाबने नागपूरला नव्हे, मूलला जायचं होतं, गाड्यांच्या खाली. नूर मोहम्मदने भावाकडे पाहिलं. नवाब कागदाकडे पाहत होता.

“कुठी सही करायची?” त्याने वकिलांना विचारलं.

“नवाब,” नूर मोहम्मद म्हणाला.

“तीन वर्सं ओढतो मी. पैसा घरी येत राहील. माह्या दोन्ही पोरी शिकतील.” हे त्याने इतक्या हळू सांगितलं की गुणवंतरावांना पुरतं ऐकू गेलं नसावं.

पडदा हलला. रशिदा परक्या पुरुषांसमोर कधी आली नव्हती. ती डोक्यावरचा पदर हाताने घट्ट धरून बाहेर आली आणि गुणवंतरावांकडे न पाहता, सतरंजीकडे पाहत म्हणाली, “ते तीन वर्सं नाई जगनार. त्याइले टीबी आहे. डाक्टरनं सांगितलं आहे.”

वकिलांनी टाक खाली ठेवला.

“ही खोटं बोलून राह्यली,” नवाब म्हणाला. “इले मूलले राह्याले जायचं नाई. म्हनून नाटक करून राह्यली.”

“मी खोटी असन तं माह्या पोरी...” रशिदाने शपथ अर्धीच सोडली. ती तिथेच उभी राहिली.

गुणवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, नवाबकडे पाहिलं, आणि मग नूर मोहम्मदकडे. “नूरभाऊ, तुमी सांगा. तुमी सांगाल ते मी मानतो.”

नूर मोहम्मदला पुढे आयुष्यभर ही ओसरी आठवत राहिली. नवाब त्याच्याकडे पाहत होता, आणि त्या नजरेत विनंती होती, ज्याने कधी भावाकडे पाच रुपयेही मागितले नव्हते त्याची विनंती. बाहेर कुणीतरी पंपावर पाणी हापसत होतं. हो म्हटलं तर भाऊ गाडीखाली मरणार आणि नाही म्हटलं तर घरात मरणार, एवढंच त्याला दिसत होतं.

“ती खरं बोलते,” तो म्हणाला.

गुणवंतराव उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “दिवसभर मी त्याच्या मांडीले मांडी लावून बसलो. घरी माही नातवंडं आहेत, नूरभाऊ.” त्यांनी वकिलांच्या हातून कागद घेतला, नीट घडी घातली. “तुमच्यावर बहुत विस्वास होता माहा.” आणि ते जोडे घालून निघून गेले.

नवाब भिंतीकडे तोंड करून बसला. रशिदाने त्याच्या खांद्याला हात लावला तर त्याने तो झटकून टाकला.

“चार मानसांत तू मले भंगार केलं,” तो म्हणाला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. उतारू गाडीत चढताना पुढच्या बाकावर बसायला कचरू लागले. सुलतानाच्या भावाची गाडी पंप बिघडून मूलच्या वाटेवर बंद पडली आणि बैल जोडून घरी आणावी लागली. नवाब उठायला निघाला, पण दारापर्यंत जाऊन खाली बसला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा उघड उघड रक्त ओकलं, तसराळंभर. रशिदाने आपल्या दोन्ही मुली माहेरी पाठवल्या. ती त्याचं ताट, त्याचा पेला उकळत्या पाण्यात घालायची आणि तो तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

नूर मोहम्मद आणखी तिघा-चौघांकडे जाऊन आला. एकाने गाड्या भंगार म्हणून वजनावर मागितल्या. एकाने आधी भावाचं काय ते होऊ द्या, मग बघू, असं सांगितलं. सरकारी मोटारी येणारच आहेत, असं एकाने ऐकवलं. शेवटी तो पुन्हा मूलला गेला. गिरणी चालू होती, कोंड्याची धूळ उडत होती, आणि तो दारातच उभा राहिला.

गुणवंतरावांनी त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं.

“मी लबाडी केली,” नूर मोहम्मद म्हणाला. “तुमी घ्या म्हनून नाई आलो. कोनी घेनारा असन तं सांगा, म्हनून आलो.”

“कोनी नाई घेनार,” गुणवंतराव म्हणाले. राग त्यांच्या आवाजातून गेला होता, पण माया आली नव्हती. “नूरभाऊ, तुमाले वाटते का बीमारीनं तुमची सर्व्हिस बुडली. बीमारी कोनालेही होते. माह्या गिरनीतला फिटर गेल्या साली गेला, गिरनी दोन दिवस बंद होती. काऊन? त्याच्या हाताखाली एक होता. तुमी सगळं एका मानसाच्या डोक्यात ठेवलं, अन् ते डोकं घरचं म्हनून फुकट. तो लटारू तुमच्यापाशी इतकी वर्सं आहे. त्याले अर्धं जरी येत असतं, तं मी आजही त्याच भावानं कागद केला असता.”

नूर मोहम्मद खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली.

“अन् आता आलं तं?”

“काय?”

“लटारूले. आता आलं तं घ्याल काय?”

गुणवंतरावांनी विचार केला. “संक्रांत होऊ द्या. दोन्ही गाड्या लटारूच्या हातानं चालवून दाखवा. मंग पाहू. पन तो भाव नाई भेटनार.”

नवाबला हे सांगणं सोपं नव्हतं. नूर मोहम्मदने खाटेपाशी बसून सांगितलं. नवाब ऐकून म्हणाला, “म्हंजे आता माहं डोकं काढून लटारूच्या धडावर ठेवता.”

“हाव,” नूर मोहम्मद म्हणाला. “तेच करतो. मले दुसरं काई सुचत नाई, नवाब.”

दोन दिवस नवाबने लटारूचं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात हातोडीचा आवाज ऐकून तो भडकला. लटारू एकटाच पंप उघडून बसला होता आणि चुकीच्या बाजूने ठोकत होता. नवाबने खाट बाहेर काढायला लावली, उन्हात, गाडीपासून लांब. तोंडावर रुमाल बांधला. “ठोकू नको. फिरव. पहिलं काय निघते ते पाह्य.”

मग रोज तसंच चाललं. ऊन वर आलं की खाट बाहेर यायची. लटारू बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडून विचारायचा आणि नवाब खाटेवरून सांगायचा. कधी चिडायचा, कधी एखादं वाक्य अर्धंच टाकून डोळे मिटून पडायचा. लटारू थांबून राहायचा. कधी नवाब म्हणायचा, “इंजिन चालू कर,” आणि आवाज ऐकून मान हलवायचा. त्याने पुष्कळ शिकवलं, पण सगळं नाही. काही गोष्टी त्याला सांगताच येत नव्हत्या. हाताला कळायच्या, असं तो म्हणायचा, आणि हातांकडे बघत बसायचा.

संक्रांतीनंतर गुणवंतराव आले. लटारूने दोन्ही गाड्या चालवून दाखवल्या. एक मधेच बंद पडली, ती त्याने घामाघूम होऊन सुरू केली. गुणवंतराव खाटेजवळ गेले नाहीत, लांबूनच त्यांनी नवाबला हात केला. कागद झाला. आधीच्या बोलीच्या निम्म्याहून कमी, पण सगळी रक्कम एकदम आणि नवाबवर अट काही नाही. अट नूर मोहम्मदवर होती. त्याने गुणवंतरावांच्या पगारावर तीच गाडी चालवायची. लटारूला मिस्त्री म्हणून पगार वाढवून मिळाला. सुलतानाच्या भावाला त्यांनी घेतलं नाही. दोन दिवसांनी रंगारी आला आणि काचेवरच्या फळीवर गिरणीचं नाव लिहून गेला.

नवाबला नागपूरला नेलं त्या दिवशी रशिदा स्टेशनवर आली होती. तो डब्यात आडवा झाला होता, डोळ्यांवर हात ठेवून. गाडी सुटली तरी त्याने हात काढला नाही.

नूर मोहम्मद महिन्यातून एकदा रजा मागून नागपूरला जायचा. रजेचा पगार कापला जायचा. इंजेक्शनं चालू होती. ताप उतरला, पुन्हा चढला. एकदा डॉक्टर म्हणाले आशा कमी आहे, पुढच्या खेपेला म्हणाले टिकेल कदाचित. नवाब गाड्यांविषयी विचारायचा. लटारूने कमान कशी बसवली, पंपाचं काय झालं. घराविषयी विचारायचा नाही. पैसे पाण्यासारखे जात होते. मे महिन्यात सुलतानाने आपल्या बांगड्या काढून दिल्या आणि त्याची चर्चा घरात कुणी केली नाही.

पावसाळा लागायच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, की डावं फुप्फुस कामातून गेलं, पण आजार थांबला आहे. काही महिन्यांनी घरी नेता येईल. जड काम कधीच करायचं नाही, गाडीखाली जाणं तर नाहीच. नूर मोहम्मदने हे खाटेशी बसून नवाबला सांगितलं.

“मंग घरी येऊन मी काय करू, भाईजान?” त्याने विचारलं. “गाड्या गुणवंतरावच्या. काम लटारूचं. तुमी पगारावर. मी बसून खाऊ?”

“बस ना. खा.”

“कोनाचं?”

नूर मोहम्मदने पिशवीतून आंबे काढून ठेवले. निघायला उठला तेव्हा नवाब म्हणाला, “पुढच्या डावाला तिले आना.”

नूर मोहम्मदने पुढच्या महिन्यात रजा मागितली तेव्हा गुणवंतराव म्हणाले, पावसाचे दिवस, मोटर कोण चालवेल? तरी त्यांनी रजा दिली, आणि दोन दिवसांचा पगार कापला. रशिदा रेल्वेत खिडकीशी बसून होती. वर्धा आलं तेव्हा म्हणाली, “भाईजान, त्याइनं मले परत पाठवलं तं तुमी काई बोलू नका त्याइले.”

वॉर्डात ती दारातच थांबली. नवाब खाटेवर उशीला टेकून बसला होता. केस विरळ झाले होते, मान बारीक. त्याने तिला पाहिलं आणि पाय आखडून घेऊन खाटेवर जागा केली. ती कोपऱ्यावर बसली. नूर मोहम्मद खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहत उभा राहिला, आवारात चिखल झाला होता आणि एक नोकर छत्री धरून डबे नेत होता.

“पोरी कशा आहेत?” नवाबने विचारलं.

“मोठी दुसरीत गेली.”

“इथल्या पोळ्या कच्च्या राह्यतात,” तो म्हणाला.

रशिदाने पिशवीतला डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. तिने ते उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. नवाबने हात पुढे केला, डबा घेतला आणि झाकणाशी झटू लागला. त्यालाही दम लागला, पण त्याने डबा परत दिला नाही.